शिमग्याचं वारं

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत वसंत येतो तो नाकातोंडात धूळ घेऊन. कोकीळ ओरडतो, नाही असं नाही. पण तो ऐकू यायला आधी वारं पडावं लागतं. होळीच्या आगेमागे ते जे सुटतं, ते रंगपंचमीपर्यंत कुणाला स्वस्थ बसू देत नाही. पहाटे गोधडी सोडवत नाही, दहाला स्वेटर नकोसा होतो, दुपारी माळावर वावटळी उठतात, दिवस कलताना मावळतीकडून गार झुळूक येते आणि एखाद्या दिवशी अचानक आभाळ भरून येऊन चार टपोरे थेंब टाकून जातं. दुसऱ्या दिवशी यातलं काहीच होत नाही. या आठवड्यात आमच्याकडे कुणी हवेवर पैज लावत नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. आजोळ दौंड तालुक्यात, केडगावच्या अलीकडे. मधे भीमा. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले, वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. शिमगा झाला की आई आम्हाला घेऊन माहेरी निघायची. शिरूर, न्हावरं, पारगाव आणि मग केडगाव-चौफुला असा एसटीचा रस्ता. न्हावऱ्यापर्यंत मोकळा माळ. खिडकी लावली तरी फटीतून माती यायची आणि दाताखाली करकर वाजायची. भीमेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात खडकवासल्याच्या कालव्याचा मुलूख लागायचा, दोन्ही अंगांना ऊस. वारं तेच, पण उसात शिरलं की त्याची धूळ व्हायची नाही, सळसळ व्हायची. आमच्या तालुक्यात वारं डोळ्यांना दिसायचं, मामाच्या तालुक्यात ते कानांना ऐकू यायचं.

आमच्या घरी या वाऱ्याची वाट बघितली जायची. शाळू काढून, कणसं खुडून खळ्यावर आलेली असायची. मळणी उरकली की दाणे आणि भुसकट यांचा एकच ढीग पडलेला असायचा आणि तो वेगळा करणं माणसाच्या हातातलं काम नव्हतं. दुपारचं वारं त्याला चालायचं नाही. ते धसमुसळं, कधी या अंगानं कधी त्या अंगानं येणारं. त्यात उपणायला उभं राहिलं तर सगळं भुसकट डोळ्यांत. काम व्हायचं ते दिवस मावळतानाच्या पश्चिमेच्या वाऱ्यावर. ते एकाच दिशेनं आणि एका लयीत वाहतं. उन्हाळ्याच्या तोंडाला समुद्रावरचं वारं घाट चढून संध्याकाळी पुण्यापर्यंत येतं, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. आजीला समुद्र माहीत नव्हता, वेळ मात्र माहीत होती.

आजी तिवईवर चढायची. आधी मूठभर भुसकट हवेत सोडून बघायची. मूठ फार लांब गेली तर थांबायची, पायाशीच पडली तर थांबायची. हवी तितकी गेली की म्हणायची, "द्या पाटी." आबा खालून पाटी द्यायचे आणि ती डोक्याइतकी उंच धरून, मनगट किंचित हलवत, दाण्यांची धार सोडायची. धार खाली येईपर्यंत वारं निवाडा करून टाकायचं. भरलेला दाणा सरळ तिवईच्या पायाशी. त्याच्या पलीकडे हातभर अंतरावर पोचट, किडके, अर्धे दाणे. त्याहून लांब भुसकटाची पिवळी शेपटी. पुढच्या वर्षीचं बियाणं आजी नेहमी तिवईच्या अगदी बुडातून भरायची, कारण सगळ्यांत वजनदार दाणा तिथेच पडलेला असतो. निवड तिची नव्हे, वाऱ्याची. तिनं फक्त त्याचं ऐकलं.

मधेच वारं पडायचं. मग पाटी खांद्यावर तशीच धरून आजी वेशीतल्या देवळाकडे तोंड करायची: "मारुतीराया, तुझ्या बापाला धाड रे लवकर." बाप म्हणजे वायू. हा निरोप पोचायला कधी पाच मिनिटं लागायची, कधी दुसरा दिवस उजाडायचा. तोवर बाया ढिगाच्या कडेला बसून पायांतले काटे काढायच्या, कुणाच्या तरी सुनेचा विषय निघायचा. वारं आमचा बिनपगारी गडी होता, आणि गडी म्हटला की त्याच्या खाड्यांचीही सवय ठेवावी लागते. हे काम गोडीचं होतं असं मात्र कुणी समजू नये. शाळवाचं कूस मानेला लागलं की रात्रभर खाज सुटायची, आणि आजीचे डोळे चैत्र संपेपर्यंत लालच असायचे.

माझ्या लहानपणी इनामगावला डेक्कन कॉलेजचं उत्खनन चालायचं. 1968 पासून 1983 पर्यंत ते चाललं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आमच्याकडे शाळेच्या पुस्तकातून नाही, नदीकाठच्या गप्पांतून आली. सापडलं ते असं: साडेतीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठाला शेतकऱ्यांची वस्ती, कुडाच्या भिंतींची घरं, चुली, कणग्यांच्या जागा आणि जळून कोळसा झालेले दाणे, त्यांत सातू मुख्य. वस्तीच्या शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि त्याचं कारण पाऊसमान घटलं हे असावं असं अभ्यासकांनी मांडलं. मला त्या दाण्यांचं नवल वाटायचं. सातू कणगीत जाण्याआधी कुणीतरी तो उपणला असणार, याच काठाला, बहुधा याच महिन्यात, आणि वारं पडल्यावर त्या बाईनंही कुठल्यातरी देवाला हाक मारली असणार. मारुतीचं नाव तेवढं नसेल.

मामाकडे वाऱ्याची गणितं निराळी. केडगाव-यवत हा गुऱ्हाळांचा पट्टा. मामाच्या गुऱ्हाळावर वारं सरपण वाळवून द्यायचं. रस काढलेली चिपाडं मोकळ्यावर पसरली की दोन दिवसांत कडकडीत. पण तेच वारं चुलाणात घुसलं की जाळ काहिलीखाली एकदम चढायचा, आणि ऐन चाचणीच्या वेळी जाळ वाढला तर गूळ काळा पडायचा. गुळव्या मग जाळव्याच्या नावानं ओरडायचा, जाळव्या वाऱ्याच्या. सगळ्यांत मोठी धास्ती ठिणगीची. वाळलेल्या चिपाडांच्या गंजीत एक ठिणगी गेली की हंगाम संपला. त्या आठवड्यात मामा एक माणूस नुसता गंजीकडे बघत बसवायचे. आम्हा भाचरांना ते सर्वांत सोपं काम वाटायचं. संध्याकाळी त्या माणसाचं तोंड बघितलं की मत बदलायचं.

नोकरीला पुण्यात आलो आणि वाऱ्याशी संबंध उरला तो दोरीवरच्या कपड्यांपुरता. शिवाजीनगरला उतरलं की सिमला ऑफिस दिसायचं. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. चौकालाही तेच चिकटलं. देशाच्या हवेचा हिशेब जिथे होतो त्या इमारतीसमोर उभं राहून मी बसची वाट बघायचो आणि वारं कुठल्या दिशेचं आहे हे मला सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास बोफर्टची श्रेणी वाचनात आली. फ्रान्सिस बोफर्ट हा इंग्रजांच्या आरमारातला अधिकारी. 1805 मध्ये त्यानं वाऱ्याला शून्यापासून पुढे आकडे दिले, ते यंत्रानं मोजून नव्हे. वारं शिडाचं काय करतं हे बघून. पुढे जमिनीसाठीही तशीच श्रेणी झाली. धूर सरळ वर गेला तर शून्य. धूर कलला तर एक. पानं आणि डहाळ्या सारख्या हलत राहिल्या, हलका झेंडा ताणला गेला तर तीन. धूळ आणि सुटे कागद उडाले तर चार, म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर. वाचता वाचता मला आजीची मूठ आठवली. तिचं उपणण्याचं वारं तीन नंबरचं होतं. चार नंबरला ती तिवईवरून उतरायची.

शून्य आणि एक हे आबांचे आकडे. गहू चिकात असताना वाऱ्यात पाणी देऊ नये, हा आमच्याकडचा नियम. ओंब्या जड झालेल्या, पाण्यानं जमीन मऊ झालेली, त्यात वारं आलं की मुळं धर सोडतात आणि अख्खा वाफा लोळतो. लोळलेला गहू पुन्हा उभा राहत नाही. दाणा बारीक पडतो, कापणीला मजूर दुप्पट लागतात. म्हणून पाणी वारं पडल्यावर द्यायचं. पण वीज काही वाऱ्याला विचारून येत नाही. शेतीची थ्री फेज आठवड्याच्या पाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. शिमग्याच्या आठवड्यात रात्रपाळी आली तर आबा बरं म्हणायचे. बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे, मोटार चालू करण्याआधी विडी पेटवायचे आणि तिच्या धुराकडे बघायचे. धूर टोपीच्या वर सरळ गेला की बटण दाबायचे. कलला की विडी संपेपर्यंत वाट बघायची, मग दुसरी. डॉक्टरांनी विड्या बंद करा म्हटल्यावर त्यांनी पुढे केलेली पहिली अडचण हीच होती.

2014 साली मात्र धुराचा उपयोग झाला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट झाली. त्या वर्षी मी गावी होतो. आभाळ काळंनिळं झालं, आणि पाऊस यायच्या आधी एकदम गार वाऱ्याचा झोत आला, त्याला ओल्या मातीचा वास. पाऊस पलीकडच्या शिवारात पडत होता, वारं तेवढं पुढे आलं होतं. ढगातून पडणारं पाणी वाटेत अर्धवट सुकतं, त्यानं हवा गार आणि जड होते, ती खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते; हा तो झोत. मार्चमध्ये पठार तापलेलं असतं, बंगालच्या उपसागराकडून आणि अरबी समुद्राकडून बाष्प आत येतं, आणि वर उत्तरेकडून कोरडी, गार हवा आलेली असते. तिघांची गाठ पडली की ढग काही तासांत डोंगराएवढे वाढतात. कारण इतकं साधं सांगता येतं. बांधावर उभं राहून आडवा झालेला गहू बघताना ते कारण कुणाला सांगायला जाऊ नये.

त्यानंतर गावात वाऱ्याबद्दलचं बोलणं पालटलं. आता मार्चमध्ये मोबाइलवर इशारा येतो: मेघगर्जना, विजा, ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगानं सोसाट्याचा वारा, यलो अलर्ट. हा इशारा कामाचा आहे. काढलेला कांदा झाकायला, जनावरं झाडाखालून हलवायला वेळ मिळतो. पण वारं आमच्यापर्यंत येतं ते आता एवढ्याच रूपात. शाळू मळणीयंत्रातून निघतो आणि यंत्र आपलं वारं आपणच करतं. गव्हाला हार्वेस्टर येतो. उलट, वारं उडवून नेईल अशा वस्तू शिवारात वाढल्या: शेडनेट, मल्चिंगचा कागद, गोठ्यांचे पत्रे, खांबाखांबांवरच्या तारा. ज्याच्याकडून काम घेतो त्याची वेळ, त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक असतो. काम काढून घेतलं की तोच गडी रात्री दारावरून गेला तरी छातीत धस्स होतं. हवा बिघडली आहे हे खरंच. अवकाळीनं लोळवलेल्या माणसाला त्याचे पुरावे द्यावे लागत नाहीत. पण आमची भीती सगळी हवेनं केलेली नाही. तिचा एक वाटा आमच्या बिनवाऱ्याच्या शेतीनं केलेला आहे.

गेल्या शिमग्याला घरापुरता हरभरा केला होता. एवढ्याशा मालाला मळणीयंत्रवाला येत नाही, म्हणून ओसरीसमोर काठीनं झोडपला. मुलानं खुर्चीवर टेबलफॅन ठेवला, आणि त्याच्यासमोर सूनबाई पाटी धरून उभी राहिली. चांगलं चाललं होतं. दिवस कलताना वारं वाढलं, कुठेतरी तारेला तार लागली आणि लाइट गेली. मुलगा वायरमनला फोन लावत बसला. लागेना. मी सूनबाईला म्हटलं, "खुर्ची फिरव, मावळतीकडे पाठ कर आणि वर चढ." तिनं आधी पदर खोचला, मग मूठभर भुसकट सोडून बघितलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातात पाटी असली की सुचतं.

दिवेलागणीपर्यंत हरभरा स्वच्छ झाला. त्याच वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या गोठ्याचे दोन पत्रे नेऊन उसात टाकले. सकाळी आम्ही सगळे ते शोधायला गेलो, आणि शेजारी त्याला शिव्या घालत असताना मला मान डोलवावी लागली, कारण घरात दोन पोती हरभरा होता आणि मजुरी कुणालाच दिलेली नव्हती.