विंटरबोर्नचा कोरडा ओढा

लंडनच्या स्लोन स्क्वेअर स्टेशनात फलाटावर उभं राहून वर पाहिलं की एक जाडजूड लोखंडी नळ रुळांवरून आडवा गेलेला दिसतो. पहिली दोन वर्षं मी तो गटाराचा समजत होतो. तसं ते अगदीच खोटं नाही. पण ती वेस्टबोर्न नदी. 1868 सालच्या या स्टेशनाच्या वाटेत ती आली, म्हणून तिला नळात घालून पलीकडे नेलं.

तेव्हापासून 'बोर्न' हा शब्द माझ्या मागे लागला. जुन्या इंग्रजीत 'बुर्ना' म्हणजे ओढा. मॅरिलबोन म्हणजे ओढ्याकाठची मेरी, तिथल्या चर्चवरून. होबर्न म्हणजे घळीतला ओढा. तोच ओढा पुढे थेम्सला मिळायचा तिथे भरतीचं पाणी आत शिरायचं, म्हणून तेवढ्या भागाला 'फ्लेओट', म्हणजे आपली खाडी. त्यावरून फ्लीट नदी, आणि तिच्यावरून एके काळची वर्तमानपत्रवाल्यांची फ्लीट स्ट्रीट. बॅटरसीतला 'सी'सुद्धा समुद्र नव्हे, बेट. आणि 'आयलंड'मधला तो मुका 'एस', ज्यानं शाळेत माझा मार्क खाल्ला, तो जुन्या शब्दात नव्हताच! 'आइल' या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाशी गल्लत होऊन तो नंतर घुसला. मार्क आता कुणाकडे मागायचा?

पण मला चकवलं ते विंटरबोर्ननं. डॉर्सेटमध्ये या नावाची गावं एकामागून एक लागतात: विंटरबोर्न ॲबस, विंटरबोर्न स्टिकलंड. त्यांतल्या एका गावी ऑगस्टमध्ये गेलो. घरांच्या फाटकांसमोर छोटे छोटे पूल, आणि पुलांखाली खाजकुयलीसारखी आग करणारं रान, त्यात एक फुटबॉल अडकलेला. पाण्याचा टिपूस नाही. श्रावणात ओढे दुथडी वाहताना पाहिलेल्या माणसाला हे पटेना. मग उमगलं, की नावातच सगळं सांगून ठेवलंय: हिवाळी ओढा. इथल्या टेकड्या खडूच्या. शरदातला पाऊस त्या सावकाश पीत राहतात, आतली पातळी चढत जाते आणि ऐन थंडीत झरे फुटतात. उन्हाळ्यात पातळी उतरली की ओढा गप्प. केंटमध्ये अशाच ओढ्याला 'नेलबोर्न' म्हणतात, ससेक्समध्ये 'लॅव्हंट'. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी एकाच काठावर बसून अख्खं वर्ष काढलं असणार. मी एक दुपार काढली आणि ओढ्याला खोटं ठरवून मोकळा झालो.

फ्लीट आता रस्त्यांखाली गाडली गेली आहे. रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यात लोखंडी जाळी आहे, तिथे ती ऐकू येते. परवा पाऊस ओसरल्यावर गेलो, वाकून कान लावला. खाली चांगला खळाळ होता. मागून कुणीतरी काळजीनं विचारलं, "किल्ली पडली का?"

मी हो म्हणालो.