सहा बाय नऊची बाग

प्रिय जॅकी सुमेल,


तुरुंगातल्या माणसांसोबतच्या तुमच्या कलाकामाची सुरुवातच पत्रांपासून झाली, म्हणून तुम्हाला जे सांगायचं ते पत्रातूनच सांगते.

२००१ साली तुम्ही रॉबर्ट किंग यांचं भाषण ऐकलंत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या अंगोला तुरुंगात २९ वर्षं एकांत कोठडीत काढून ते नुकतेच सुटले होते. हर्मन वॉलेस आणि अल्बर्ट वुडफॉक्स हे त्यांचे दोन सोबती मात्र अजून आतच होते. या दोघांनी तुरुंगात, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची शाखा काढली होती. १९७२ मध्ये एका पहारेकऱ्याचा खून झाला, त्याचा आळ दोघांवर आला आणि दोघांनीही तो शेवटपर्यंत नाकारला. त्यांना एकेकट्याला कोंडलं ते दशकानुदशकं. अंगोला तुरुंगाची जमीन पूर्वी गुलामांच्या कष्टांवर चालणारा मळा होती. त्या गुलामांच्या मायदेशाचं नाव मळ्याला पडलं आणि पुढे तुरुंगालाही तेच चिकटलं.

तुम्ही वॉलेस यांना पत्रं लिहू लागलात. २००३ मध्ये तुम्ही त्यांना विचारलंत, तीस वर्षं सहा बाय नऊ फुटांच्या खोलीत राहिलेला माणूस कसल्या घराचं स्वप्न पाहतो? त्यांनी मनापासून उत्तर दिलं. त्यांना भोवती फुलबाग हवी होती, पाहुण्यांना बारा महिने फुलं दिसावीत म्हणून. पोहण्याचा तलाव हवा होता आणि त्याच्या तळाशी काळा पँथर. तुम्ही नकाशे काढत गेलात, ते दुरुस्त्या कळवत गेले. त्या घराची प्रतिकृती झाली, त्यांच्या कोठडीचीही पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती झाली आणि दोन्ही प्रदर्शनांतून लोकांसमोर आल्या.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती तुमची रीत. कैद्याचं दुःख उचलून त्यावर आपली कलाकृती उभी करणारे खूप असतात. तुम्ही आधी विचारलंत आणि मग सांगितलं तसं केलंत. घर कसं दिसावं हा निर्णय वॉलेस यांचाच राहिला. ज्याला उठण्या-बसण्याचीही परवानगी घ्यावी लागते, त्याच्या हाती असा निर्णय सोपवणं हीच त्याची घेतलेली सगळ्यांत मोठी काळजी आहे.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने वॉलेस यांची शिक्षा रद्द केली. यकृताच्या कर्करोगाने खंगलेले वॉलेस त्याच संध्याकाळी रुग्णवाहिकेतून बाहेर आले. ३ तारखेला त्यांच्यावर पुन्हा आरोप ठेवण्यात आला आणि ४ तारखेला ते गेले. एकेचाळीस वर्षांच्या एकांतवासानंतर त्यांना मोकळेपणाचे एवढेच दिवस मिळाले. त्यांचं घर त्यांच्या हयातीत उभं राहिलं नाही.

तरी तुम्ही थांबला नाहीत. न्यू ऑर्लीन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये तुम्ही ‘सॉलिटरी गार्डन्स’ सुरू केलंत. त्यातला एकेक वाफा कोठडीच्याच मापाचा, सहा बाय नऊचा. खाट, संडास, बेसिन ही कोठडीतली सगळी सामग्री जिथल्या तिथे, ऊस, कापूस, तंबाखू आणि नीळ कुटून चुन्यात मिसळलेल्या गिलाव्याची. हीच पिकं गुलामांकडून पिकवून घेतली जात होती. माती फक्त तेवढ्याच जागेत, जेवढी कैद्याला येरझाऱ्या घालायला उरते. काय लावायचं ते आतला माणूस पत्राने कळवतो आणि बाहेरचे स्वयंसेवक त्याच्या वतीने लावतात, पाणी घालतात, तण काढतात. रोपं वाढत जातात तसा गिलावा झिजतो, ढासळतो आणि कोठडीच्या जागी बाग उरते. तिथल्या वनस्पतींपासून चहा, मलम, अर्क करून ते तुरुंगाची झळ लागलेल्या वस्त्यांमध्ये वाटायचं कामही तुम्ही उभं केलंत. आत डांबलेला माणूस त्यामुळे बाहेरच्याच्या दुखण्यावर औषध देणारा होतो.

आमच्याकडे हे बीज अगदीच नवं नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिथे कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. व्ही. शांताराम यांना ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तिथूनच मिळाली. पत्राची ताकदही आम्ही पाहिली आहे. तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या फाशीच्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९७९ मध्ये निकाल दिला. हे पत्र त्याने स्वतःसाठी लिहिलं नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

तरीही आमच्या तुरुंगांची स्थिती अभिमान वाटावा अशी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. कित्येकांकडे वकील नाही, आणि भेटीला यायचं तर घरच्यांची रोजंदारी बुडते. महिनोन्‌महिने कुणी भेटायला आलं नाही, की माणूस आपलं कुणी उरलं नाही असंच धरून चालतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या काळात तुमचे जे प्रयोग होतील, जिथे नवे वाफे तयार होतील, तिथे तुमचा तो पहिला प्रश्न पहिलाच राहू द्या. आतल्याला आधी विचारा, मगच फावडं उचला. दालनं मोठी होतात, मान्यता वाढते, तसतसा हा क्रम उलटण्याचा धोका असतो. तुम्ही तो आजवर उलटू दिलेला नाही.

आणि हे पत्र वाचणाऱ्या मराठी माणसांनाही एक विनंती. तुमच्या ओळखीचं, नात्यातलं, गावातलं कुणी तुरुंगात असेल, तर त्याने काय केलं हे बाजूला ठेवा आणि या आठवड्यात त्याला एक पत्र लिहा. त्याला काय हवं आहे ते विचारा, आणि त्यातलं जे तुमच्या हातून होण्यासारखं आहे ते करा.

आपली,
एक मराठी वाचक