बायोप्सी झाली? ब्लॉक मागून घ्या

पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात कुणाची बायोप्सी झाली असेल किंवा व्हायची असेल तर पूर्ण वाचा.

आमच्या गल्लीतल्या एका काकांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मुलगा रिपोर्ट, सीटीच्या फिल्म, सगळी फाईल घेऊन मुंबईला गेला. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "ब्लॉक कुठंय?" त्याचा मला फोन, "दादा, ब्लॉक म्हणजे काय हो?"

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर मेणात बसवतात, ती वडी म्हणजे ब्लॉक. तिचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काचेवर घेऊन रंगवले की झाली स्लाइड. पेशींची ठेवण बघून पॅथॉलॉजिस्ट कॅन्सरचा प्रकार सांगतो. आणि त्याच वडीतून आता जनुकांची तपासणीही होते. फुप्फुसाच्या अडेनोकार्सिनोमात ईजीएफआर जनुकातला ठराविक बिघाड सापडला, तर अनेकदा केमोऐवजी गोळ्यांनी सुरुवात करता येते. इतका फरक पडतो.

गावाकडच्या लॅबने त्या पोराला तीन चकरा मारायला लावल्या. "रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला?" हे उत्तर! शेवटी मिळाला.

काही जण म्हणतात, मग थेट जनुकंच तपासा की. तसं चालत नाही. बीआरएफ जनुकातला व्ही600ई हा बिघाड घ्या. त्वचेच्या मेलानोमात त्यावरच्या वेमुराफेनिबला 2011 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तोच बिघाड मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असेल तर हे औषध एकटं फारसं चालत नाही. तिथल्या पेशी ईजीएफआरच्या वाटेने पुन्हा वाढू लागतात. बिघाड एकच, पण गाठ कुठली हे आधी कळायला हवं. शिवाय कापातला कॅन्सरचा भाग पॅथॉलॉजिस्टने खूण करून दिला नाही आणि निरोगी पेशीच जास्त गेल्या, तर बिघाड असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

अडचण अशी की सुईने काढलेला तुकडा असतो शेवयीएवढा. प्रत्येक तपासणीत तो संपत जातो. संपला की पुन्हा सुई, तीही दमलेल्या माणसाला. आणि तुकडा साध्या सलाईनमध्ये घालून एसटीच्या पार्सलने पाठवला तर वाटेतच खराब होतो. फॉर्मॅलिनमध्येही आठवडाभर पडून राहिला तर डीएनएचे तुकडे पडतात. स्तनाच्या गाठीसाठी तर 6 ते 72 तास अशी मर्यादाच ठरलेली आहे. हाडाचा तुकडा असेल तर तो मऊ करायला वापरलेलं कडक ॲसिडही डीएनए बिघडवतं. या गोष्टींना मोठी मशिनरी लागत नाही, बाटलीवर तारीख-वेळ लिहायला एक पेन लागतं. आपल्या तालुक्याला तेवढं जमायला काय हरकत आहे?

बायोप्सीआधीच डॉक्टरांना विचारा, पुढच्या तपासण्यांना पुरेल एवढा तुकडा घेणार ना? मोठ्या दवाखान्यात जाताना ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही न्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या. आणि उन्हाळ्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.