तीस दिवसांची डेडलाइन

डेडलाइन हा शब्द मी दिवसातून किमान दहा वेळा वापरते आणि खरं सांगायचं तर त्यातल्या आठ वेळा ती पुढे ढकलते. (फ्रीलान्सर आहे, चालायचंच!) पण न ढकलता येणारी डेडलाइन भेटली ती धामणगाव रेल्वेला, आमच्याच घरात.

दादाला मुलगा झाला. तिसाव्या आठवड्यात, म्हणजे तब्बल अडीच महिने आधी. वजन सव्वा किलो! तीनेक आठवडे काचेच्या पेटीत, ऑक्सिजनवर काढून पिल्लू घरी आलं आणि मी पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. बाळ सत्तावीस दिवसांचं होतं. दूध पीत होतं, मुठी आवळत होतं. सगळे खूश. रात्री सवयीनं मी त्याची फाइल चाळत बसले. डिस्चार्ज कार्डवर अगदी तळाशी इंग्रजीत एक ओळ होती: चौथ्या आठवड्यात आरओपी तपासणी.

‘‘दादा, हे काय सांगितलं त्यांनी?’’

‘‘काही नाही. टॉनिक लिहून दिलं ना.’’

लिहिलं होतं हे खरं. समजावलं कुणी नव्हतं.

आरओपी म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. पुण्यातल्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाच्या या विषयातल्या कामावर मी कधीतरी तीनशे शब्द लिहिले होते. आणि दादाचा रोज फोन येत असताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं! डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरता भरता कडेला पोचतात. बाळ आधीच बाहेर आलं, की काम अर्धवट राहतं. वरून ऑक्सिजन जास्त झाला तर वाढ थांबतेच. मग रक्ताविना तगमगणाऱ्या पडद्यावर नको तिथे नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि पडद्याला ओढू लागतात. पडदा सुटला की नजर गेली. स्टीव्ही वंडर माहितीय ना? १९५० साली सहा आठवडे आधी जन्मलेला. त्याचे डोळे असेच गेले. तेव्हा लेझर नव्हता. आज आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे असतात. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा आजार आहे. आमच्याकडे उरले होते तीन दिवस.

आणि समोर आजी!

‘‘सवा महिना झाल्याबिगर लेकराले गावाबाहेर कोनी नेते काय? पाह्यते ना तो मायाकडे!’’

यावर काय बोलणार? बाहेरून डोळा छानच दिसतो, हीच तर या आजाराची लबाडी. शेवटी ओली बाळंतीण वहिनीच कानाला स्कार्फ बांधून उभी राहिली. ‘‘ताई म्हणतात तर जाऊन येतो, आजी.’’

एकोणतिसाव्या दिवशी, सकाळच्या गाडीनं नागपूर. बाहुली मोठी करणारे थेंब, जिभेवर साखरपाणी, इवल्याशा पापण्या उघड्या ठेवणारी चिमटी. वहिनी बाहेर, मी आत. त्याचं रडणं मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. ‘‘दुसरी स्टेज आहे, आठवड्यानं परत आणा,’’ डॉक्टर म्हणाले.

परत? दादाची रजा संपलेली. आजीचं तर ‘‘पाह्यलं ना एकडाव!’’ तरी गेलो. आणि तेवढ्या आठवड्यात आजार पुढे सरकला होता. आता दोन दिवसांत लेझर. रक्त न पोचलेला कडेचा पडदा भाजून टाकायचा, म्हणजे नव्या वाहिन्यांची मागणीच संपते. कडेची थोडी नजर देऊन मधली वाचवायची, असा हा सौदा. सही करता करता दादा थांबला. ‘‘भाजायचं म्हणजे...?’’ त्यानं पेन खाली ठेवलं. वहिनीनं ते उचललं आणि काही न बोलता परत त्याच्या हातात दिलं.

आता स्वारी सव्वा वर्षाची आहे. मायनस नंबरचा, इलॅस्टिकच्या पट्ट्याचा चष्मा दिवसातून वीसदा वरणात पडतो. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर अजून मोजकंच बोलतात. पुढची तारीख कालनिर्णयवर लाल गोलात आहे. आणि गल्लीत कुणाकडे दिवसांआधी बाळ झाल्याचं कळलं, की आजी काठी टेकत तिथे हजर. बाळाला हातात घेण्याआधीच विचारते, ‘‘डोये दाखवले काय वं?’’