मुद्दल आणि व्याज : त्रिरश्मी लेण्यांत एक दिवस

यंदाच्या मार्चअखेरीची गोष्ट. रात्रीचे आठ वाजले होते. कचेरीत मी आणि शिपाई, दोघेच उरलो होतो. समोर संगणकावर आकडे दिसत होते, पण डोक्यात शिरत नव्हते. एकच बिल मी तीन वेळा नोंदवले होते. एकवीस वर्षे हिशेब विभागात कारकुनी केलेला बी.कॉम. माणूस मी, आणि मला साधी बेरीज लागेना! खुर्चीत बसून रडू आले.

वाचकहो, हे एका दिवसात झाले नाही. आमच्या विभागात तिघे होतो. एक निवृत्त झाले, एकाची बदली झाली, जागा भरल्या नाहीत आणि तिन्ही टेबले माझ्याकडे आली. संध्याकाळी वस्तीतली अभ्यासिका, मंडळाचे सचिवपद, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचे रेशनकार्ड, कुणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज. 'नाही' म्हणायची सवयच नव्हती. मग झोप गेली. लोकांचा राग येऊ लागला. दाराशी अर्ज घेऊन आलेली म्हातारी बाईसुद्धा नकोशी वाटू लागली. धाकटी बारावी कॉमर्सला आहे. ताळेबंदातले काही अडले की माझ्याकडे यायची. एके दिवशी वही बंद करून म्हणाली, "राहू द्या पप्पा, मी मैत्रिणीला विचारीन." ते शब्द फार लागले.

डॉक्टरांनी साखर, रक्तदाब, कार्डिओग्राम सगळे तपासले. काही निघाले नाही. "तुम्हाला आजार नाही, तुम्ही संपत आला आहात," एवढेच ते म्हणाले. पुढे वाचनात आले, की न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या स्वयंसेवकांची अशीच अवस्था फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिली आणि १९७४ साली तिच्यावर लिहिले. त्याने तिला 'बर्नआउट' म्हटले. म्हणजे जळून गेलेला माणूस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची व्याख्या केली. ती आजार मानलेली नाही. न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था, असे तिला म्हटले आहे. थकवा, कामाचा तिटकारा आणि हातून काही होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणे. तिन्ही माझ्यात होती. स्वयंसेवकांची गोष्ट वाचून मात्र थोडे हायसे वाटले. कार्यकर्ता थकला की आपण त्याला ढिला पडला म्हणतो, हे मीही इतरांच्या बाबतीत केलेले आहे.

त्याच सुमारास एका मित्राने विचारले, "नोकरी सोड. माझे करसल्ल्याचे काम वाढले आहे, भागीदारीत ये." मी राजीनामा लिहून खिशात ठेवला. घराच्या कर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी होते. सौ. म्हणाली, "राजीनामा लिहायचा तर लिहा, माझी ना नाही. पण थकल्या हाताने लिहू नका. आधी कुठेतरी जाऊन या."

म्हणून आषाढ पौर्णिमेनंतरच्या रविवारी कल्याणहून तपोवन एक्स्प्रेस पकडली. कसाऱ्याचा घाट धुक्यात बुडाला होता. नाशिकरोडला उतरून रिक्षाने पाथर्डी फाट्याकडे निघालो. मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच तो डोंगर आहे. लोक 'पांडवलेणी' म्हणतात, पण पांडवांचा इथे काही संबंध नाही. लेण्यातल्या शिलालेखांतच डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे कोरलेले आहे. तेच त्रिरश्मी. पायथ्याशी बुद्धस्मारक आणि दादासाहेब फाळके स्मारक आहे.

पायऱ्या चढताना दोनदा बसावे लागले. वर गेल्यावर ओळीने चोवीस लेणी. कड्यावरून पावसाचे पाणी गळत होते, पोढ्या भरल्या होत्या. अठरा क्रमांकाच्या चैत्यगृहात काही वेळ डोळे मिटून बसलो. मग दहा क्रमांकाच्या विहाराच्या ओसरीत आलो. तिथे धम्मलिपी शिकलेला एक तरुण चार-पाच जणांना लेख वाचून दाखवीत होता. मी हिशेबातला माणूस आहे हे कळल्यावर हसून म्हणाला, "मग काका, हा लेख तुमच्यासाठीच आहे."

हे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेले आहे. लेखात वर्ष ४२ घातले आहे. लेण्याबरोबर त्याने ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' दिली, म्हणजे कधी न संपणारी ठेव. ही रक्कम गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. अट अशी, की मुद्दल परत काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

मी तिथेच बोटांवर हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, तेही दोनशे चाळीस! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळा बरोबर जुळला. कित्येक महिन्यांनी एखादी बेरीज जुळल्याचा आनंद झाला. लेखात पुढे असेही आहे, की हे दान निगमसभेत ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले. म्हणजे त्याही काळी कुणीतरी कारकुनाने ही नोंद केली होती! आपले काम अगदीच क्षुल्लक नाही, असे मनात आले.

ओसरीच्या खांबाला टेकून बसलो तेव्हा माझी चूक मला हिशेबाच्या भाषेत कळली. मी व्याजावर भागवत नव्हतो, मुद्दल खात होतो. झोप हे मुद्दल, घरचा वेळ हे मुद्दल, माणसांविषयीची माया हेही मुद्दल. ते संपले की नोकरीही बुडते आणि समाजकार्यही. मित्राच्या भागीदारीत गेलो आणि तिथेही असाच वागलो, तर फक्त खुर्ची बदलेल.

दुसरी गोष्ट वर्षावासाची. वर्षभर गावोगाव चालणारा भिक्खूसंघ पावसाचे तीन महिने एका जागी थांबायचा. ते आळस म्हणून नव्हे, नियम म्हणून. चालणाऱ्यालाही थांबण्याचा नियम हवा. मी ठरवले, अश्विन पौर्णिमेपर्यंत राजीनाम्याला हात लावायचा नाही.

त्या तीन महिन्यांत तीन कामे केली. साठलेल्या रजेतून तीन आठवडे घेतले. सचिवपद एका तरुण भगिनीकडे सोपवले. ती ते माझ्याहून नीट चालवते, हे आधी जरा टोचले, आता बरे वाटते. तिसरे काम अवघड होते. तिन्ही टेबलांवर रोज किती बिले येतात याचा महिन्याभराचा तक्ता करून साहेबांना लेखी अर्ज दिला, की एवढे काम एका माणसाचे नाही. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण आकड्यांपुढे बोलणार काय? एक टेबल दुसऱ्याकडे गेले. दोन अजून माझ्याकडे आहेत, भांडण चालू आहे.

अश्विन पौर्णिमा झाली. राजीनामा फाडला नाही, कपाटात ठेवला आहे. कर्जाचे हप्ते आणि मुलीचे शिक्षण पाहता आज नोकरी सोडणे मला परवडणारे नाही. मात्र करविषयक कामाचा अभ्यास सुरू केला आहे. पुढच्या आषाढात पुन्हा त्या ओसरीत बसून हिशेब मांडीन, आणि त्या वेळी उत्तर वेगळे आले तर घाबरणार नाही. परवा धाकटी वही घेऊन आली. तिचा ताळेबंद जुळत नव्हता. तासभर दोघे बसलो, तेव्हा जुळला.

आपल्यापैकी कुणी असे थकले असतील, तर एकदा त्रिरश्मीला जाऊन या. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, जपून चढा. घरच्यांना सोबत न्या. पुढच्या वेळी मीही नेणार आहे.