गळ आणि डोह

होळी झाली की कयाधू वाहायची थांबते आणि डोहाडोहांत मुक्कामाला बसते. वाशिम जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी नामदेवांच्या नर्सीवरून, हिंगोलीला वळसा घालून आमच्याकडे येते आणि पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा पुढं प्राणहितेतून गोदावरीला. पावसाळ्यात ही सगळी साखळी एकसंध असते. चैत्रात मात्र आखाडा बाळापूरहून शेवाळ्याकडं गेलात तर नदी म्हणून जे दिसतं ते वाळू, गोटे, टरबुजांच्या वाड्या आणि मधूनच एखादा हिरवट डोह. पात्रातलं जेवढं जितं आहे, तेवढं सगळं त्या डोहांत येऊन राहिलेलं असतं. म्हणून आमच्याकडं गळ टाकायचे दिवस उन्हाळ्याचे. शाळेला सुट्टी, रानात सुगी उरकलेली, आणि मासोळी एका जागी.

माझा पहिला गळ बेशरमाच्या काठीचा. ओढ्याकाठी ती फुकट मिळायची. आठवडी बाजारात एक बाई सुया, बिब्बे, करदोडे विकायला बसायच्या, त्यांच्याकडं कागदाला टोचलेले गळ असत. तंगूस वाटून घ्यायचा, दोघातिघांत एक रीळ. शिसं म्हणून सायकलच्या दुकानातला एखादा नट. आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्यातलं भेंड. पांढरं, हलकं, नखानं कापता येणारं. त्याला मधोमध काट्यानं भोक पाडून तंगूस ओवला की झालं. गांडुळं विहिरीच्या पाटाजवळच्या ओलीत सापडत. नारळाच्या करवंटीत ओली माती घालून त्यात ती ठेवायची, वर बेशरमाचंच पान.

घरात मात्र मासोळी येत नसे. आजोबा माळकरी. आषाढी-कार्तिकी चुकली नाही त्यांची. नातू नदीवर गळ घेऊन बसतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यावर बोलणं कधी निघालं नव्हतं. मी धरलेली मासोळी भोयांच्या घरी देऊन यायचो, हात राखेनं घासायचो आणि मग उंबरा ओलांडायचो. बहात्तरच्या दुष्काळात हे बोलणं निघालं. रोजगार हमीची योजना अजून बाळसं धरत होती, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कयाधूचे लहानसहान डोह पौषातच आटले. शेजारच्या घरात लेकरं होती आणि चूल रोज पेटत नव्हती. मी काठी खांद्यावर टाकून निघालो तेव्हा आजोबा ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "घरात आणू नको बाबा. पण रिकामा बी येऊ नको." त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला होता. त्या उन्हाळ्यात मी धरलेली प्रत्येक मासोळी शेजारी गेली, आणि आजोबांनी रोज संध्याकाळी मला एकच विचारलं, "दिली का?" माळकरी माणसानं असं विचारणं म्हणजे काय, हे समजायला मला बरंच वय व्हावं लागलं. त्यांच्या व्रतापेक्षा त्यांची दया मोठी होती, आणि व्रत त्यांनी मोडलंही नव्हतं.

पाणी वाचायला शिकवलं ते एका म्हाताऱ्या भोयानं. सगळे त्यांना आबा म्हणत. ते स्वतः जाळ्याचे मानकरी, गळ म्हणजे त्यांच्या लेखी लेकरांचा खेळ. तरी ते माझ्या शेजारी उकिडवे बसत आणि भेंडाकडं बोट दाखवत. "बघ, टकटक करायलंय ना? ही चिंगळी. ओढू नको. चारा खाऊन जाईल, जाऊ दे." मोठी मासोळी आली की भेंड टकटक करत नाही. ते आधी किंचित वर येतं, आडवं पडतं, कारण तळातून चारा उचलला गेलेला असतो आणि शिशाचा भार सुटलेला असतो. मग ते सरकायला लागतं. ते सरकू लागेपर्यंत हात आवरायचा, एवढंच गळाचं शिक्षण. वाम लागली तर तंगूस दगडाच्या कपारीत शिरतो आणि हाताला जिवंत ओढ न लागता नुसता भार लागतो. पाण्यावर मधूनच 'बुडुक' असा आवाज येऊन एक वर्तुळ उमटलं तर ती मरळ. कल्ल्यांशिवाय वरची हवा घ्यायची सोय तिला असते, म्हणून पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी झाला तरी ती तग धरते. रोज त्याच ठिकाणी वर्तुळ उमटतं का, हे बघायला आबांनी मला आठ-आठ दिवस लावलं. गळ न टाकता.

मिरगाच्या तोंडावर एकदा त्यांनी मला डोहाच्या उथळ कडेला नेलं. गवताजवळ पाण्यात हाताच्या पंज्याएवढा तांबूस-केशरी ठिपका हलत होता. एकसंध वाटणारा तो ठिपका म्हणजे शेकडो इवली पिल्लं. सगळी एकदम वर येत, एकदम खाली जात. आणि त्याच्या खाली, बारकाईनं बघितल्यावर, एक काळसर दांडकं स्थिर. ती मरळ. पिल्लांजवळ एक बेडकी आली तेव्हा ते दांडकं असं उसळलं की पाणी माझ्या तोंडावर उडालं. आबा म्हणाले, "आत्ता बेडकी लावून गळ टाकलास तर ही हमखास लागेल. भूक म्हणून नाही, राग म्हणून. अन् ही गेली की हे सगळं दुसऱ्या मासोळ्या संध्याकाळपर्यंत खाऊन टाकतील." एक मरळ धरल्यानं किती मरळी जातात, याचा हिशोब त्यांनी मला तिथं पाण्यात दाखवला. तेव्हापासून पिल्लांवरची मरळ मी धरली नाही.

मिरगाचा आणि मरळीचा संबंध आमच्याकडं जुना. दम्याची माणसं मृग लागताना हैदराबादला जातात, तिथं बत्तीनी घराण्याचे लोक जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतात. आमच्या मावशीही जाऊन आल्या. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातला, त्यामुळं जुन्या माणसांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं.

पुढं पैनगंगेवर इसापूरचं धरण झालं. ऐंशीच्या दशकात त्याचं पाणी कालव्यानं फिरू लागलं आणि आमच्या भागाचा रंग बदलला. जिथं ज्वारी आणि तूर, तिथं हळद, केळी, ऊस. मासोळीही बदलली. कटला, रोहू, मृगळ ही नावं तोवर आम्ही ऐकली नव्हती. ही गंगेच्या खोऱ्यातली मासोळी. तिचं एक वैशिष्ट्य असं की साठलेल्या पाण्यात ती वाढते, पण अंडी घालत नाही, त्यासाठी तिला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बीज नद्यांतूनच गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यात अंडी घालायला लावली, आणि देशभरच्या धरणांत सोडायला बीज मिळू लागलं. त्या तारखेला आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस पाळतात. आफ्रिकेतली तिलापिया 1952 मध्ये भारतात आणली गेली, तीही हळूहळू सगळीकडं पसरली. आपल्या गळाला लागलेल्या रोहूमागं एवढी मोठी खटपट आहे, हे कळल्यावर मला त्या माशाबद्दल आदरच वाटला.

तोवर मी एसटीत कंडक्टर म्हणून लागलो होतो. हिंगोली-नांदेड रस्त्यावर आयुष्य गेलं. हिंगोलीजवळ गाडी कयाधूच्या पुलावर आली की तिकिटं फाडता फाडता एक नजर खाली जायची. पाणी कुठवर आहे, रंग कसा आहे, बगळे कोणत्या काठाला आहेत. ड्रायव्हर ओळखायचे, पुलावर गाडी जरा हळू घ्यायचे. रजेच्या दिवशी काठी निघायची. बेशरम जाऊन वेळू आला, वेळू जाऊन फायबरची आणि रीळ लावलेली काठी आली. ती नांदेडहून आणली.

माझ्यासारखेच चौघे-पाच जण बाळापुरात निघाले. एक शिक्षक, एक मोटार वायंडिंगवाले, एक औषध दुकानदार, एक हळदीचे शेतकरी. हळद शिजवून वाळत पडली की ते मोकळे. आम्ही कधी मंडळ स्थापन केलं नाही, पावतीपुस्तक छापलं नाही. उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला निघायचं आणि उजाडायच्या आत इसापूरच्या पाण्यावर असायचं, एवढाच नियम. दहा वाजले की आवरायचं. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत मासोळी खोल जाते, माणसानंही सावली धरावी.

जलाशयात मासेमारीचा ठेका असतो, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडं. बोटुकली विकत घेऊन सोडायची, राखायची, ही त्यांची गुंतवणूक. त्यामुळं तिथं हक्कानं काठी टाकणं आम्हाला कधीच पटलं नाही. आधी संस्थेच्या लोकांना विचारायचं, ते सांगतील ती रक्कम द्यायची, ते दाखवतील त्या कडेला बसायचं. चारा करण्यात वायंडिंगवाले दादा वाकबगार. शेंगदाण्याची पेंड भाजून, त्यात कणीक, थोडा गूळ, भाजलेल्या मेथीची पूड. मळताना ते कुणाला हात लावू देत नाहीत. तळाला चरणाऱ्या मृगळासाठी गोळा घट्ट, वरच्या पाण्यात तोंड वर करून खाणाऱ्या कटल्यासाठी इतका भुसभुशीत की पाण्यात पडताच धुरासारखा पसरावा.

बरेचसे मासे आम्ही सोडून देतो. त्यासाठी गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकलेला असतो. हात आधी पाण्यात बुडवायचे, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत आहे आणि कोरड्या, तापलेल्या हातानं तो निघून येतो. गळ काढून मासा दोन्ही हातांत आडवा धरायचा, डोकं पाण्यात. कल्ले आधी घाईनं हलतात, मग एका लयीत येतात. शेपटीचा एक जोर हाताला जाणवतो, तेव्हा सोडायचा. त्या आधी सोडला तर तो उलटा पडतो.

मुलगा मुंबईला नोकरीला लागल्यावर पवईचा तलाव बघून आलो. 1891 चा हा तलाव मुंबईला पाणी द्यायला बांधलेला. त्यावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळ टाकणाऱ्यांची जुनी संस्था आहे. तलावात मगरीही आहेत. एवढ्या गजबजाटात, चारी बाजूंनी इमारती उठलेल्या असताना, पाण्याच्या तब्येतीची चौकशी करणारी माणसं टिकून आहेत हे बघून फार बरं वाटलं. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांच्या केंद्रात डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी महसीर माशाची पैदास करून दाखवली, तीही अशाच ओढीतून. आणि रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत तर हा मासा देवीचा म्हणून कुणी धरतच नाही. एका डोहापुरती नदी तिथं लोकांनी राखली आहे.

माझं म्हणणं इथंच येऊन थांबतं. धरणातली मासोळी उद्या संपली तर संस्था बोटुकली आणून सोडेल. कयाधूच्या डोहातली मरळ, वाम, झिंगे कुणी विकत आणून सोडत नाही. उन्हाळ्यात डोहात जे उरतं तेच पावसाळ्यात पात्रभर पसरतं. शेतकरी उपाशी राहील पण बियाण्याची पोटली दळायला काढणार नाही, तसं हे बियाणं आहे. आणि आम्ही ते दळतो आहोत. पात्रातली वाळू ट्रॅक्टरनं ओढून नेली की डोहाची खोली राहत नाही. कुठं पाणी पसरून उथळ होतं आणि मे उजाडायच्या आत आटतं, कुठं ते पार मुरून जातं. उरलेल्या पाण्यात रात्री कुणी तारांतून करंट सोडतं, कुणी ब्लिचिंग पावडर ओततं. त्यात बोटाएवढं पिल्लूही वाचत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी नेलं त्या साली, आबांनी मला वर्तुळं मोजायला लावली होती तो डोह मी कोरडा बघितला. तळाची भेगाळलेली माती आणि तिच्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे. बहात्तरलाही तो आटला नव्हता.

गेल्या वर्षी आम्ही भोयांच्या वाड्यात जाऊन बसलो. आबा जाऊन फार वर्षं झाली, आता त्यांचे नातू जाळं टाकतात. आमचं म्हणणं साधं होतं: एक डोह निवडायचा, अक्षय तृतीयेपासून पहिला पूर येईपर्यंत त्यात जाळं नाही, गळ नाही, काहीच नाही. गळ सोडणं आम्हाला सोपं आहे, आमचं पोट त्यावर नाही. त्यांचं आहे, म्हणून आम्ही सांगायला नाही, विचारायला गेलो होतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मोठा नातू म्हणाला, "मामा, जाळं आम्ही आवरतो. एका डोहानं आम्ही मरत नाही. पण ट्रॅक्टर कोण आवरणार? ते तुम्ही बघा. तुम्ही सायबासोबत बोलू शकता."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वाळूघाटाच्या लिलावाआधी ग्रामसभेचं म्हणणं घेतात, तेव्हा सुरुवात तिथूनच. गुरुजींनी ठरावाचा मसुदा लिहिला आहे. डोहाचा गट क्रमांक आणि चतुःसीमा तलाठ्याकडून घेतल्या. औषध दुकानदार सह्या गोळा करताहेत, दुकानात येणाऱ्या प्रत्येकापुढं औषधाच्या पुडीबरोबर कागद सरकवतात. भोयांच्या वाड्यातल्या सह्या आणि अंगठे सगळ्यात आधी झाले. माझ्याकडं काम आहे ते दुसऱ्या काठाच्या गावाचं. डोह दोन शिवांच्या मधे आहे, आणि तिकडची ग्रामसभा तयार झाल्याशिवाय आमचा ठराव अर्ध्याच नदीला लागू होतो. येत्या आठवडी बाजाराला तिकडचे सरपंच बाळापूरला येणार आहेत. भेटायची वेळ घेतली आहे, आणि भोयांचा थोरला नातूही सोबत येणार आहे.