गाडीच्या लयीवर तोकाता

पनवेलच्या फलाटावरून कोकणची गाडी हलते तेव्हा आधी जड, सुटे ठोके ऐकू येतात. मग लय चढत जाते. एइतोर व्हिला-लोबोस (१८८७-१९५९) या ब्राझिलियन संगीतकाराने ‘बाकियानास ब्राझिलेइरास क्रमांक २’ (१९३०) च्या शेवटच्या, तोकाता या भागात हा चढ अख्ख्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला आहे. खर्जातल्या तंतुवाद्यांची धाप, तालवाद्यांची खरखर, मध्येच शिट्टी आणि या सगळ्यावरून वाहणारी व्हायोलिनांची लांब, मोकळी धून. ही निव्वळ नक्कल आहे, असा आक्षेप कुणीही घेईल. पण शिट्टी आणि खुळखुळे बाजूला काढले तरी रचना कोसळत नाही. तोकाता हा बाखच्याही आधीपासूनचा, अखंड धावत्या स्वरांचा प्रकार. गाडीची चाल त्यात मुळातच होती. व्हिला-लोबोस यांनी ती ओळखली आणि ब्राझीलच्या खेड्यांतल्या गाडीला दिली. परकी चौकट आणि आपली माती अशी जोडणी वरवरची राहात नाही, ती अशी.

आपल्याकडे हाच प्रश्न गोव्याने सोडवायला घेतला. ब्राझीलप्रमाणे तिथेही पोर्तुगीज सत्ता होती, तिथेही चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली मुले. त्यांतलीच कितीतरी पुढे मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवणाऱ्या, संगीतकार प्यारेलालना ते वाद्य शिकवणाऱ्या या माणसाला राग वाद्यवृंदात मांडायचे होते. १९५८ साली त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे: मींड कागदावर उतरत नाही, आणि हार्मनीसाठी एकत्र वाजवलेले सूर रागाला वर्ज्य स्वर सहज आत ओढतात. हे खरेच आहे. म्हणून रागाच्या वाद्यवृंदाला युरोपची हार्मनी जशीच्या तशी चालणार नाही. षड्जाचा आधार, रागाच्याच स्वरांतून निघालेल्या उपधुना आणि एका वाद्यावर सोडलेली मींड यांवर तो उभा राहावा लागेल. अवघड आहे, अशक्य नाही. मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. बाख-बीथोव्हेनबरोबर गोन्साल्विसांच्या रचनाही त्याच्या हंगामात वरचेवर वाजल्या, तरच या अडचणींची उत्तरे कागदावर नव्हे, कानावर तपासता येतील.